वैनीचा पाट

पुण्याच्या म्युझियमची बाई जेवणाच्या आधी पोचणार होती, आणि खुर्ची कुठे मांडायची यावर घरात अजून एकमत नव्हतं.

रमाकांतचं म्हणणं, हॉलमध्ये, सोफ्याच्या बरोबर समोर, खाली सतरंजी घालून. त्याच्या मुलाचं, धवलचं म्हणणं, हॉलमधलं बाकी सगळं सामान बाहेर काढावं आणि खुर्ची एकटीच ठेवावी, कारण अशा वस्तूला भोवती मोकळी जागा लागते. रमाकांतच्या बायकोला, वासंतीला, कोणी विचारलं नाही. तिचं म्हणणं एवढंच होतं की आधी त्या खुर्चीवरून इन्व्हर्टरची बॅटरी उतरवायला पाहिजे.

बॅटरी तिनेच ठेवली होती. सासूबाईंच्या गुडघ्यांनी खाली वाकायला नकार दिला त्याच वर्षी घरात इन्व्हर्टर आला. सासूबाई बाजारातून आणलेल्या निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर गेल्या आणि ही रिकामी झाली. घरात दुसरं काहीच इतकं बुटकं, सपाट आणि मजबूत नव्हतं. जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच सागवानी फळी, तिच्याखाली पाटाला असतात तशा दोन आडव्या पट्ट्या, फक्त जाड आणि टोकांना गोलसर केलेल्या, आणि मागे किंचित कललेली पट्ट्यांची पाठ. हात नाहीत, पाय नाहीत, खिळा एकही नाही. सोयाबीनच्या पोत्या-कट्ट्यांच्या खोलीत ती बॅटरी घेऊन गपगार बसून होती.

मग मागच्या दिवाळीत धवल पुण्याहून आला आणि म्हणाला की ही खुर्ची जगप्रसिद्ध आहे.

त्याच्या कंपनीच्या रिसेप्शनला हुबेहूब अशाच दोन होत्या. त्याने तिथल्या मुलीला विचारलं, हे काय आहे, तर ती म्हणाली, "बकाल." धवल वरवट बकालचा. त्याला आधी वाटलं ही आपल्याला चिडवते आहे, मग वाटलं खुर्चीला नावं ठेवते आहे. घरी जाऊन त्याने इंटरनेटवर शोधलं तेव्हा उलगडा झाला. त्याचे चुलत आजोबा वामनराव अवचार तरुणपणी मुंबईला एका आर्किटेक्टकडे फर्निचर काढायच्या नोकरीला होते, तिथे त्यांनी गावी केलेल्या एका नमुन्यावरून ही खुर्ची काढली, कुठली म्हणून विचारल्यावर गावाचं नाव सांगितलं, आणि तेच नाव तिला चिकटलं. जगात तिच्यावर लेख आहेत. पुण्यातल्या लोकांना मात्र इतक्या देखण्या वस्तूला बकाल का म्हणतात ते कळत नाही आणि ते नुसते हसतात.

"बॅटरी कुठं ठेवू मग?" वासंतीने विचारलं.

"कुठंबी ठेव," रमाकांत म्हणाला. "खुर्चीवरून उतरव म्हणजे झालं."

वासंतीने बॅटरी सोयाबीनच्या कट्ट्यावर ठेवली आणि फळीवरचा पांढरट डाग ओल्या फडक्याने पुसून पाहिला. डाग गेला नाही.

*

पुष्पांजली काल संध्याकाळीच नाशिकहून आली होती. ती वामनरावांची एकुलती एक मुलगी, म्हणून म्युझियमला तिची संमती लागत होती. तिचं आणि रमाकांतचं फोनवर आधीच वाजलं होतं. रमाकांतचं म्हणणं, खुर्ची या घरात झाली, या घरात राहिली, तेव्हा ‘अवचार घराण्याकडून’ असं लिहिलं जावं. पुष्पांजलीचं म्हणणं, खुर्ची घराण्याने केली नाही, माझ्या वडिलांनी केली. विहिरीच्या वाटणीपासून या दोघांचं कशावरच जमलेलं नव्हतं, त्यामुळे खुर्चीवर जमलं असतं तर दोघांनाही चुकल्यासारखं वाटलं असतं.

पण पुष्पांजली खुर्चीसाठी आली नव्हती. तिला एक प्रश्न विचारायचा होता. तो तिचा नव्हता, तिच्या आईचा होता.

इंदुमती अमरावतीची. लग्न होऊन पहिल्यांदा वरवट बकालला आली तेव्हा हळदीकुंकू लावता लावता गावातल्या कोणा बाईने तिच्या कानात सांगितलं होतं, "वामनचा वैनीशी पाट झालेला हाय बरं बाई. सांभाळून राह्यजो." तेवढंच. इंदुमतीने नवऱ्याला कधी विचारलं नाही. विचारलं आणि तो हो म्हणाला तर काय करायचं, हे तिला ठरवता आलं नाही. विधवा वहिनीला धाकट्या दिराने करून घेणं इकडे काही जगावेगळं नव्हतं. तसं असेल तर ती स्वतः दुसरी होती, आणि दुसरी असून पहिलीसारखी मुंबईत राहत होती. ती गावी फक्त लग्नाकार्याला आणि सुतकाला आली. त्या बुटक्या खुर्चीवर कधी टेकली नाही. वामनराव गेले तरी बोलली नाही. मागच्या वर्षी दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात म्हणाली, "पुष्पा, खरंच झाला होता का गं? तू विचार तिला."

पुष्पांजली फिजिओथेरपिस्ट आहे. ती दिवसभर परक्या माणसांना कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, संडासला बसताना दुखतं का, असं सगळं विचारते. हा एक प्रश्न तिला वर्षभर विचारता आला नव्हता.

सकाळी ती त्याच वहिनीसमोर, रमाकांतच्या आई रुखमाबाईंसमोर, तुरीच्या शेंगा सोलायला बसली. रुखमाबाई निळ्या खुर्चीवर, मांडीवर ताट घेऊन.

"मोठी आई, ती खुर्ची बाबांनी कधी केली?"

"साल नाई आठोत मले. रमू रांगत होता. तुहा मोठा बाप गेला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात."

"तुमच्यासाठीच केली?"

"हाव. बाळंतपणानंतर कंबर धरली व्हती माही."

"मग?"

"मंग काय. बसली."

पुष्पांजलीने चार शेंगा सोलल्या.

"आई कधी बसली नाही तिच्यावर."

"नाई बसली. म्या दोन-तीनदा म्हटलं, बस व इंदू. बसे नाई. म्या म्हटलं, मुंबईत राह्यते, खाली बसायची सवय मोडली असंन."

"तसं नव्हतं, मोठी आई."

"मंग कसं व्हतं?"

पुष्पांजलीने तोंड उघडलं, आणि त्याच वेळी रमाकांत इस्त्रीचा शर्ट घालत दारात आला. "पुष्पा, त्या बाईपुढं आपसात वाद नको. आधी ठरवून घेऊ. घराणं लिहायचं का काकांचं नाव?"

*

रमाकांत कॉलेजातून प्राचार्य म्हणून निवृत्त झाला होता आणि आता शिक्षण संस्थेच्या अध्यक्षपदाला उभा होता. समोर कारभारी नावाचा उमेदवार होता. कारभारीकडे माणसं होती, गाड्या होत्या आणि कोणाच्या घरात काय झालं याची तीन पिढ्यांची माहिती होती. रमाकांतकडे आतापर्यंत फक्त प्रतिष्ठा होती. आता खुर्चीपण होती. म्युझियमची बातमी जिल्ह्याच्या पानावर आली असती, फोटोसकट. त्यात तो खुर्चीशेजारी उभा असता. शेजारीच, कारण बसलं तर उठताना कसं दिसतं हे त्याने आरशात पाहून घेतलं होतं.

पुण्याहून आलेल्या अनुपमा जोग चाळिशीच्या होत्या, सुती साडी, पाठीवर सॅक. घरात पाऊल टाकताच त्या सतरंजीवर गुडघे टेकून बसल्या आणि खुर्चीकडे बराच वेळ बघत राहिल्या. रमाकांतला वाटलं नमस्कार करतात की काय. त्याने धवलकडे पाहिलं. धवल मोबाइलवर फोटो काढत होता.

"मूळ नमुना," त्या म्हणाल्या. "मी याच्या प्रतीच पाहिल्या होत्या फक्त. हा डाग कसला?"

"बॅटरीचं पाणी," वासंती म्हणाली. "पुसून पाह्यलं मी."

"पुसू नका, प्लीज. वापराची खूण आहे ती. आम्ही तिला हात लावणार नाही."

वासंतीने पदर सावरला. या घरात आल्यापासून तिच्या हातून झालेली कुठलीच गोष्ट कोणी जपून ठेवायची म्हटली नव्हती.

चहा झाला. शेगावची कचोरी झाली. रमाकांत प्रमाण भाषेत बोलत होता. त्याचं मराठी हे त्याच्या रक्तदाबासारखं होतं, शांत असला की पुस्तकी, आणि चढला की वऱ्हाडी. आत्ता ते अगदी नॉर्मल होतं. "आमच्या काकांचा या मातीशी अतूट संबंध होता," असं वाक्य तो विनासायास बोलून गेला.

"मी खुर्चीशेजारी लावायच्या फलकाचा मसुदा आणलाय," अनुपमा म्हणाल्या. "तुम्ही सगळ्यांनी ऐकून घ्या. काही चुकलं असेल तर सांगा." त्यांनी लॅपटॉप उघडला आणि वाचलं:

"‘बकाल’ ही खरं तर खुर्ची नव्हेच. वामनराव अवचार स्वतः तिला पाट म्हणत. एका ध्वनिमुद्रित मुलाखतीत ते सांगतात, ‘लोक खुर्ची म्हणतात. तो पाट आहे, वहिनीचा.’ जमिनीजवळ बसण्याची आपली रीत मनात ठेवून या तरुण कलावंताने आपल्या विधवा वहिनीसाठी पाट लावला, आणि त्यातून आधुनिक भारतीय फर्निचरला..."

त्या थांबल्या, कारण खोलीत काहीतरी झालं होतं आणि ते चांगलं नव्हतं.

"हे, ‘लावला’ हे क्रियापद," रमाकांत म्हणाला, "हे बदलता येईल का?"

"मांडला करू? मला लावला जास्त घरगुती वाटलं. आमच्याकडे आजी पंगतीला पाट लावायची."

"मांडलापण नको," पुष्पांजली म्हणाली. "पाट हा शब्दच नको."

"बरोबर," रमाकांत म्हणाला. "खुर्ची लिहा."

"आणि विधवा वहिनी काढा."

"ते तर काढाच."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. विहिरीनंतर पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं आणि दोघांनाही ते आवडलेलं नव्हतं.

"पण शब्द वामनरावांचाच आहे," अनुपमा म्हणाल्या. "मी रेकॉर्डिंग ऐकलंय. त्यावरच तर सगळा लेख उभा आहे. जगभर लोक तिला खुर्ची समजतात आणि ती पाट आहे, हाच मुद्दा आहे."

"पाट म्हणजे पाटच ना?" धवल म्हणाला. "जेवायला बसायचा. यात काय झालं?"

रमाकांतने घसा साफ केला. "त्याचं असं आहे की आमच्या भागात, म्हणजे फार पूर्वी, काही समाजांमध्ये, आमच्यात नव्हे, या शब्दाला एक वेगळा..."

"आपल्यातच," रुखमाबाई म्हणाल्या.

सगळे निळ्या खुर्चीकडे वळले. त्या इतका वेळ तिथेच होत्या.

"पह्यलं होते ते लगन," त्या अनुपमांना म्हणाल्या. "नवरा मेल्यावर बाई दुसऱ्याच्या घरी जाते, तो पाट. तुमच्या त्या पाटीवर लिहिलं हाय का दिरानं विधवा वैनीसाठी पाट लावला. इकडचा माणूस वाचंन तर त्याले लगनाची पाटी वाटंन."

अनुपमांचा हात आपोआप लॅपटॉपवर गेला आणि वाक्य पुसलं गेलं. "अरे देवा. मला खरंच कल्पना नव्हती."

"असू द्या," रमाकांत म्हणाला. "आणि तसं काही झालेलं नव्हतं, हे मी सांगू इच्छितो." वाक्य खणखणीत होतं, पण ते संपताना त्याची नजर आईकडे गेली, आणि त्याच्या लक्षात आलं की हे त्याला कोणी कधी सांगितलेलं नाही. तो ते धरून चालला होता. लहानपणी शाळेत कोणी ‘पाटाचा’ म्हणून हाक मारली की त्याने हाणामारी केली होती. घरी येऊन विचारलं नव्हतं.

"झालं होतं का, मोठी आई?" पुष्पांजली म्हणाली.

"पुष्पा," रमाकांत म्हणाला. "बाहेरची माणसं बसली आहेत."

"मी बाहेर थांबते," अनुपमा म्हणाल्या.

"बसा हो तुम्ही," रुखमाबाई म्हणाल्या. मग पुष्पांजलीकडे बघत, "तुले काऊन पायजे हे?"

"मला नको. आईने विचारायला सांगितलं होतं. जायच्या आधी."

"इंदूनं?" रुखमाबाईंनी मांडीवरचं ताट खाली ठेवलं. "तिले कोणं सांगतलं?"

"लग्नातच. कोणीतरी कानात सांगितलं."

"आन् तिनं मनात ठेवलं?"

"पन्नास वर्षं."

वासंतीने पंखा बंद केला. हिवाळ्यात तो का चालू आहे हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

*

"माहे भाऊ आले व्हते," रुखमाबाई म्हणाल्या. "दोघं. हा रमू रांगत व्हता. साखरखेर्ड्याकडचा बिजवर पाह्यला व्हता त्याईनं. शेती चांगली, घरी सासू नाई, सगळं चांगलं. फक्त मले विचारलं नव्हतं."

"बिजवर म्हणजे?" अनुपमांनी हळूच धवलला विचारलं. धवललाही माहीत नव्हतं.

"बायको मेलेला," वासंतीने सांगितलं.

"आन् पाटात पोरगं नेत नाईत," रुखमाबाई म्हणाल्या. "पोरगं पह्यल्या घरचं. मी तिकडं, हा इथं आज्याजवळ. असं व्हतं ते."

रमाकांत अध्यक्षपदाचा उमेदवार होता, पण या गोष्टीत तो अजून रांगत होता.

"आजोबांना विचारायचं ना," धवल म्हणाला.

"मामंजी सुनेशी बोलत नव्हते. बोलाचं झालं तर समोरच्या भितीले सांगत. ‘चहा झाला असंन तर कोणी आणा.’ असं. मंग त्या दिवशी बैठकीत भाऊ बसले, मामंजी बसले, आन् मले बोलावलं. आता मामंजीपुढं मले खुर्चीवर बसता येत नव्हतं. आन् सपाट पाटावर बसली तर कमरेनं उठता येत नव्हतं. उभी राह्यली तर म्हणतीन पोरगी तयार हाय, चालली. वामनभाऊजी सुट्टीले आला व्हता, चार-पाच दिवस मांगच्या पडवीत ठोकठाक करून राह्यला व्हता. तो हे घिऊन आला आन् मधात ठेवलं. मामंजी म्हणे, हे काय, घरात सुनेले खुर्ची? भाऊजी म्हणे, खुर्ची कुठं हाय बाबा, पाट हाय. पाटाले पाठ लावली फक्त."

अनुपमांनी लॅपटॉप पुन्हा उघडायची हिंमत केली नाही, पण त्यांचे ओठ हलले. पाटाला पाठ. त्या तीन वर्षं या खुर्चीवर लिहीत होत्या.

"मी बसली," रुखमाबाई म्हणाल्या. "मोठा भाऊ म्हणे, रुखमा, तुह्या पाटाचं ठरवून राह्यलो आमी. म्या म्हटलं, ठरवू नका. माहा पाट झाला."

"म्हणजे?" वासंती म्हणाली.

"झालाच व्हता ना व. मी त्याच्यावरच बसून व्हती. भाऊ म्हणे, कोनाशी? म्या म्हटलं, वामनभाऊजीनं केला."

"बाबा काय म्हणाले?" पुष्पांजलीने विचारलं.

"तो दारात उभा व्हता, हातात कानस. माह्याकडं पाह्यलं त्यानं. मंग म्हणे, हो, मीच केला. कालच झाला. भाऊ म्हणे, आमाले कळवलं नाई? तो म्हणे, घरच्या घरात केला, कळवाचं काय."

धवल मोठ्याने हसला. बाकी कोणी हसलं नाही म्हणून तो थांबला.

"आणि आजोबा?" रमाकांतने विचारलं. आवाज प्राचार्यांचा नव्हता.

"त्याईले समजलं. त्याईनं एकडाव पाटाकडं पाह्यलं, एकडाव लेकाकडं. नातू घरात राह्यत व्हता, सून घरात राह्यत व्हती. भितीले म्हणे, ‘झाला तर झाला, पाव्हण्याईले जेवाले वाढा.’ भाऊ जेवले आन् गेले. मंग पुन्हा कोणी विषय काढला नाई."

"म्हणजे तुम्ही खोटं बोललात," रमाकांत म्हणाला.

"कोणता शब्द खोटा व्हता, सांग."

रमाकांतने मराठीत एम.ए. केलं होतं. त्याने एकेक शब्द मनात तपासला आणि त्याला एकही खोटा सापडला नाही.

"पण गावाला ते तसंच वाटलं," पुष्पांजली म्हणाली.

"वाटू देल्लं. वाटलं म्हणूनच तर दुसरा बिजवर आला नाई."

"आणि आईला?"

"मले वाटलं वामननं सांगतलं असंन. नवराबायको व्हते."

"बाबांना वाटलं असेल तुम्ही सांगितलं असेल. बायका-बायका."

"असंन."

"मोठी आई, ती तुम्हाला सवत समजत होती. जन्मभर. तुम्हाला एवढंपण कळलं नाही?"

"नाई कळलं," रुखमाबाई म्हणाल्या. "मले वाटलं मुंबईची हाय, नाक वर हाय. म्या बी मंग जादा बोलली नाई." त्यांनी साडीवर पडलेली तुरीची सालं एकेक करून उचलली. "विचारलं असतं तर सांगतलं असतं. भांडली असती तरी चाललं असतं. भांडनात निघते सगळं."

पुष्पांजली खुर्चीकडे बघत होती. ती आता तिला तिच्या वडिलांची वाटत नव्हती आणि वहिनीचीही वाटत नव्हती. तिच्या आईने जिची किंमत मोजली अशी ती एक वस्तू होती, आणि किंमत कशाची आहे हे आईला कोणी सांगितलं नव्हतं.

"मग लागला नाही," ती म्हणाली. तिला हे एका वाक्यात ऐकायचं होतं.

"नाई लागला. तुही माय एकलीच."

"तुम्हाला कधी वाटलं नाही, लागावा असं?" हे वासंतीने विचारलं. विचारून झाल्यावर ती स्वतःच दचकली.

रुखमाबाईंनी सुनेकडे पाहिलं, रागाने नाही. "वामन पाट लावनाऱ्यातला नव्हता," त्या म्हणाल्या. "करनाऱ्यातला व्हता." आणि ताट पुन्हा मांडीवर घेतलं.

*

सगळ्यात आधी रमाकांत सावरला. "ठीक आहे. म्हणजे तसं काही झालेलं नव्हतं, हे स्पष्ट झालं. उत्तम. तेव्हा मॅडम, खुर्ची असंच लिहा. पुष्पाची संमती आहेच."

"नाही," पुष्पांजली म्हणाली. "पाटच लिहा."

"आत्ता तूच म्हणाली की पाट नको."

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"तुले आता माहीत झालं व! कारभारीले कोण सांगनार? तो पाटीचा फोटो काढंन, चावडीवर वाचून दाखवंन, म्हनंन पाहा, प्राचार्याच्या मायचा..." रमाकांत थांबला. पुण्याची बाई समोर होती आणि त्याचं सगळं व्याकरण खाली पडलं होतं.

"रमू," रुखमाबाई म्हणाल्या. "लोकाईले तसं वाटलं नसतं तर मी साखरखेर्ड्यात असती. तुले बोलाले शिकवाले इथं कोणी नसतं, आज्याबी भितीशीच बोले."

रमाकांत सोफ्यावर बसला. त्याचा इस्त्रीचा शर्ट मागून चुरगळला आणि त्याने तो सारखा केला नाही.

"‘लावला’ काढा आणि ‘केला’ लिहा," वासंती म्हणाली. "खरं ते तेच आहे ना?"

अनुपमांनी लिहिलं आणि वाचलं: "तो पाट आहे, वहिनीसाठी केलेला. पाटाला पाठ लावली."

"हे तर वाचायला अजून वाईट वाटतं," रमाकांत म्हणाला, पण आता तो एकटाच होता. धवलने मान हलवून वाक्याला पसंती दिली होती आणि वासंतीने, बहुधा लग्नानंतर पहिल्यांदा, नवऱ्याच्या विरुद्ध मत देऊन जागा सोडली नव्हती.

"आणि खाली एक ओळ हवी," पुष्पांजली म्हणाली. "कलावंताची पत्नी इंदुमती. एकच."

अनुपमा घुटमळल्या. "फलकावर सहसा लाकूड, साल, मापं एवढंच असतं. कुटुंबाची माहिती आम्ही देत नाही."

"दीर दिलात, वहिनी दिलीत. मग बायकोने काय केलंय? ही ओळ असेल तर माझी संमती आहे."

"पुष्पा, असं कोणी लिह्यते का?" रमाकांत म्हणाला. "‘एकच’ म्हटलं का वाचणारा विचारणारच, दुसरी कोण म्हणून."

"विचारू दे. विचारलं की सांगायचं."

अनुपमांनी थोडा विचार केला आणि लाकडाच्या आणि सालाच्या मध्ये जागा केली. "इंदुमती," त्या टाइप करत म्हणाल्या. "यातला दु पहिला ना?"

"पहिला," पुष्पांजली म्हणाली. ती वाकून पडद्याकडे बघत राहिली, अक्षरं उमटेपर्यंत. मग उठून बाहेर अंगणात गेली.

वासंती तिच्यामागे निघाली, तशी रुखमाबाईंनी तिचा पदर धरला.

"बस. तिले तिच्या मायले सांगाचं हाय."